आयटीतली नोकरी पोटासाठी, तंत्रज्ञानाची गोडी कशासाठी?

आपल्या समाजातला मुलगा किंवा मुलगी आयटी कंपनीत लागली की घरात, वस्तीत, विहारात पहिला प्रश्न येतो, "पॅकेज किती?" या प्रश्नात वावगे काही नाही. ज्या घरात पहिल्यांदाच दर महिन्याला बँकेत पगार जमा होतो, धाकट्या बहिणीची फी वेळेवर भरली जाते, पत्र्याच्या जागी स्लॅब पडतो, त्या घराला पगाराचे महत्त्व कोणी समजावून सांगायला नको. पण दुसरा एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो, "काम आवडतंय का?"

आम्हाला हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. या क्षेत्रात शिकलेले लवकर जुने होते. आज ज्या साधनांवर काम चालते, ती काही वर्षांत बदलतात. नवे शिकायला कंपनी प्रत्येक वेळी वेळ आणि पैसा देईलच असे नाही. ज्याला तंत्रज्ञानाची गोडी लागलेली असते तो आपणहून शिकत राहतो. ज्याने मुलाखतीपुरते पाठ केलेले असते, तो पहिल्या मोठ्या बदलात अडखळतो. म्हणजे गोडी ही पोट भरल्यानंतरची चैन नाही. नोकरी टिकवण्याचा आणि पुढे जाण्याचा तोच खरा आधार आहे.

आणि ही गोडी कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. ती लागायला तीन गोष्टी लागतात : फावला वेळ, हाताशी साधन आणि शेजारी बसून सांगणारे माणूस. ज्यांच्या घरात या तिन्ही गोष्टी पिढ्यांपासून आहेत, त्यांच्या मुलांना आपण हुशार म्हणतो. आपल्याला या तिन्ही गोष्टी जाणीवपूर्वक उभ्या कराव्या लागतील. त्या कशा, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

यंत्र, फुरसत आणि बाबासाहेब

यंत्रांबद्दल बाबासाहेबांची भूमिका आपल्यातल्या अनेक तरुणांना माहीत नसते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद साधा होता. ज्या माणसाचा सगळा दिवस पोटासाठी राबण्यात जातो, त्याला विचार करायला, वाचायला, मन घडवायला वेळ उरत नाही. जनावराच्या आणि माणसाच्या जगण्यात फरक करणारी गोष्ट म्हणजे संस्कृती, आणि संस्कृतीला फुरसत लागते. मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना ढोरमेहनत, ही जुनी व्यवस्था. सर्वांना फुरसत द्यायची असेल तर श्रम यंत्राने उचलले पाहिजेत. यंत्रामुळे होणारे नुकसान यंत्राचे नसते, त्याची मालकी आणि फायदा कोणाकडे आहे या समाजरचनेचे असते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले आहे.

हा विचार त्यांनी कागदावर सोडून दिला नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे यांची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे होती. दामोदर खोरे आणि हिराकुडसारख्या प्रकल्पांची पायाभरणी त्या काळात झाली. १९४६ मध्ये कारखाना कायद्यात बदल होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक कायदेमंडळात मांडणारे बाबासाहेबच होते. आणि १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. केवळ कारकुनी शिक्षणावर आपली मुले अडून राहू नयेत, हा त्यामागचा विचार होता.

आज हिंजवडीत, ऐरोलीत, नागपूरच्या मिहानमध्ये कार्ड दाखवून गेटमधून आत जाणारे आपले तरुण त्या मागणीचे वारसदार आहेत. प्रश्न एवढाच, की यंत्राने दिलेली फुरसत आपल्या वाट्याला येते का, आणि आली तर तिचे आपण काय करतो?

आयटीचे काम नेमके कसे चालते

ज्यांच्या घरात या क्षेत्रात कोणीच नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो.

भारतातला हा उद्योग एका दिवसात उभा राहिला नाही. टीसीएसची सुरुवात १९६८ सालची. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था १९८८ साली स्थापन झाली. १९९१ नंतर सॉफ्टवेअर निर्यातीसाठी सरकारने टेक्नॉलॉजी पार्क सुरू केले. पुढे सन २००० जवळ आले तेव्हा एक गमतीशीर अडचण जगासमोर आली. जागा वाचवण्यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले होते. १९९९ चे '९९' झाले होते, मग २००० चे '००' होणार आणि संगणक त्याला १९०० समजणार! बँकेचे व्याज, विम्याची मुदत, पेन्शनचे वय, सगळे हिशेब बिघडले असते. लाखो ओळींचा कोड तपासून दुरुस्त करणारी माणसे हवी होती. ते काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांना मिळाले आणि परदेशी ग्राहकांचा विश्वास बसला. आज या उद्योगात ५० लाखांहून अधिक लोक काम करतात.

यातले सगळे दिवसभर कोड लिहितात, असा गैरसमज आहे. कोणी टेस्टिंग करतो, म्हणजे बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधतो. कोणी नेटवर्क सांभाळतो. कोणी डेटाबेस, म्हणजे माहितीचे कोठार, व्यवस्थित ठेवतो. कोणी सुरक्षा बघतो, कोणी स्क्रीन कशी दिसावी हे ठरवतो, कोणी ग्राहकाला काय हवे ते समजून घेऊन टीमला सांगतो. सपोर्टवाल्यांना रात्रपाळी असते, कारण ग्राहक अमेरिकेत असतो. बीएस्सी, बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग अशा वेगवेगळ्या वाटांनी लोक इथे येतात. कॉमर्स किंवा आर्ट्स करून टेस्टिंग आणि सपोर्टमध्ये स्थिरावलेलेही आहेत.

हे सांगण्याचे कारण असे, की "मला कोडिंग जमत नाही, म्हणजे आयटी माझ्यासाठी नाही" असे म्हणून अनेक जण लवकर हार मानतात. आपल्याला कोणत्या कामात रस येतो हे शोधायला आधी कामाचे प्रकार माहीत हवेत.

गोडी कुठे लागते : एका नावाचा हिशेब

तंत्रज्ञानाची मजा म्हणजे नवा फोन आणि महागडे घड्याळ, असे नाही. ती विकत घेण्याची मजा झाली. खरी मजा एखादी गोष्ट आतून कशी चालते ते कळण्यात आहे. उदाहरण आपल्या अगदी जवळचे घेऊ.

'आंबेडकर' या नावात किती अक्षरे? आपण वाचताना म्हणतो पाच : आं, बे, ड, क, र. पण संगणकाला विचाराल तर तो सात सांगतो. कारण तो 'आ' आणि वरचा अनुस्वार वेगळा मोजतो, 'ब' आणि मात्रा वेगळी मोजतो. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. उदाहरणार्थ, 'क' चा क्रमांक २३२५. देवनागरीसाठी या व्यवस्थेत सलग १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत.

आता पुढची पायरी. हे क्रमांक साठवताना इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा पुरते, तर आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे 'आंबेडकर' या नावाला सात गुणिले तीन, एकवीस बाइट. समजा एखाद्या फॉर्ममध्ये आडनावासाठी २० बाइटची जागा ठेवली आहे. बनवणाऱ्याने इंग्रजीत तपासून पाहिले, सगळे ठीक चालले. पण मराठीत नाव भरले की शेवटच्या 'र' चा एक बाइट बाहेर राहतो आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. नाव मोडते.

ही चूक कोणाला सापडेल? ज्याला मराठी येते आणि आत काय चालले आहे याची उत्सुकता आहे, त्याला. इंग्रजी कच्चे म्हणून मीटिंगमध्ये दबून बसणाऱ्या आपल्या मुलीकडे इथे दुसऱ्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे.

आणखी एक प्रयोग करा. 'बुद्ध' हा शब्द प्रोग्राम लिहून उलटा करायला सांगा. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला शब्द उलटा करण्याचा सराव दिलेला असतो, पण तो इंग्रजी शब्दावर. 'बुद्ध' मध्ये संगणकाला पाच चिन्हे दिसतात : ब, उकार, द, हलन्त, ध. ती सरळ उलटी केली तर 'ध्दुब' असे काहीतरी विचित्र हाती येते. आपल्याला मात्र 'द्धबु' अपेक्षित असते. उकार कोणाला चिकटलेला आहे, जोडाक्षर कुठे संपते, हे प्रोग्रामला शिकवावे लागते. हे शिकवताना दोन तास कसे गेले ते कळत नाही. शेवटी उत्तर बरोबर आले की जो आनंद होतो, त्यालाच आम्ही तंत्रज्ञानाची गोडी म्हणतो. ती लागायला महागडा लॅपटॉप किंवा पुण्या-बंगळुरूचा पत्ता लागत नाही.

या आनंदाचा आपल्या विचाराशी जवळचा संबंध आहे. केसपुत्त गावातल्या कालामांना तथागतांनी सांगितले ते आपण सर्व जाणतो : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, स्वतः पडताळून पाहा. बग शोधणे हे याच वृत्तीचे रोजचे काम आहे. सीनिअर म्हणतो म्हणून कोड बरोबर ठरत नाही. चालवून पाहिल्यावर ठरतो. मशीनपुढे आडनाव चालत नाही, तिथे पुरावा चालतो.

जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला आपला इतिहास

आता या गोडीचा समाजाला काय उपयोग, ते पाहू.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या चळवळीने किती छापले! जयंतीच्या स्मरणिका, धम्म परिषदांची पत्रके, नियतकालिके, कविसंमेलनांच्या पुस्तिका, सत्यशोधनाचे अहवाल. यातले बरेच डीटीपीवर तयार झाले. त्या काळच्या फाइली कोणाच्या तरी सीडीत, पेन ड्राइव्हवर, बंद पडलेल्या संगणकात असतात. आज त्या उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

असे का होते? त्या वेळच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेले असायचे रोमन अक्षर, फक्त त्याचे चित्र देवनागरी काढलेले असायचे. तो फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते, फॉन्ट गेला की अर्थ गेला. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये मात्र 'क' चा क्रमांक जगभर एकच, फॉन्ट कोणताही असो. म्हणून युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, फोनवर वाचता येतो, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर बदल करणारा प्रोग्राम लागतो. काही फॉन्टसाठी असे प्रोग्राम तयार मिळतात, काहींसाठी आपणच करावा लागतो. काम वरवर सोपे दिसते : एक तक्ता करायचा, या चिन्हाच्या जागी ते चिन्ह. पण दोन ठिकाणी गाडी अडते. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण तिचा उच्चार नंतर होतो. रफाराचे उलटे. 'धर्म' मध्ये रफार दिसतो 'म' च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये तो 'म' नंतर. युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'म' च्या आधी. म्हणजे चिन्हे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही लावावा लागतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना सुट्टीत करण्याजोगे हे सुंदर काम आहे. त्यातून शिकणेही होते आणि चळवळीचा एक तुकडाही वाचतो.

जिथे फाइलच नाही, फक्त छापील प्रत आहे, तिथे स्कॅन करून अक्षरे ओळखणारा प्रोग्राम वापरता येतो. टेसरॅक्ट नावाचा असा प्रोग्राम मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि त्याला मराठी वाचता येते. तो चुका करतो, त्या माणसाला तपासाव्या लागतात. तपासण्याचे काम ज्यांना कोडिंग येत नाही अशा आपल्या निवृत्त शिक्षकांनाही करता येईल. त्यांना जुने शब्द आणि संदर्भ आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

हे आम्ही नवे काही सांगत नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तो आपला आवाज दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहू नये म्हणून. पुढे चळवळीने भारतभूषण छापखाना चालवला. लेखणीबरोबर छपाईचे यंत्रही आपल्या हाती हवे, हे त्या पिढीला कळले होते. आजचा छापखाना संगणकात आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक संगणकावर आणले आणि तोच मजकूर देवनागरी, रोमन, सिंहली, ब्रह्मी अशा अनेक लिप्यांत वाचण्याची सोय केली. एका ग्रंथसंग्रहासाठी हे होऊ शकते, तर आपल्या तालुक्यातल्या स्मरणिकांसाठी का होऊ नये?

खुले ज्ञान : कोणाच्या परवानगीविना शिकण्याची सोय

ज्यांच्या पूर्वजांना शिकण्याची मनाई होती, त्यांना या क्षेत्रातली एक गोष्ट विशेष भावावी. इथले पुष्कळसे ज्ञान खुले आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेने ते तंत्र सर्वांसाठी मोफत खुले केले. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि कोड जगापुढे ठेवला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. हा कोड कोणीही उघडून वाचू शकतो. चूक सापडली तर दुरुस्ती पाठवू शकतो, मग तो बर्लिनचा असो की बुलढाण्याचा.

शिकण्यासाठीही सोयी आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात लिनक्स, पायथन, सी अशा विषयांचे छोटे धडे मराठीतही आहेत. 'एनपीटेल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत ऐकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. बार्टी आणि समाजकल्याण विभागाच्या प्रशिक्षण व शिष्यवृत्ती योजना निघतात, त्यांच्या अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका, मूळ जाहिरात वाचा.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज रखडत असेल तर त्यावर लिनक्स टाकून पाहा. अनेकदा टाकून दिलेले यंत्र पुन्हा कामाला लागते. व्हिडिओ फोनवर पाहता येतो, पण कोड फोनवर लिहिणे कठीण जाते. म्हणून घरात एक कीबोर्ड असलेले यंत्र असणे ही चैन समजू नका.

आडनावाचा प्रश्न

मशीनपुढे आडनाव चालत नाही असे वर म्हटले, पण ऑफिसात मशीनबरोबर माणसेही असतात. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. भरती बरीचशी ओळखीतून होते, याला तिथे 'रेफरल' म्हणतात. आधीपासून आत असलेला माणूस आपल्या ओळखीच्याचे नाव देतो, आणि ओळख बहुधा जातीच्या कुंपणातच असते. कोणी जाणूनबुजून अन्याय केला नाही तरी दार ठरावीक लोकांसाठीच उघडे राहते. शिवाय जेवणाच्या टेबलावर "पूर्ण नाव काय?", "कोणत्या कोट्यातून ॲडमिशन?", "घरी काय काय खाता?" असे प्रश्न येतात. १४ एप्रिलची रजा मागताना मन कचरते.

हा प्रश्न भारतापुरता नाही. माणसे परदेशी गेली, त्यांच्यासोबत जात गेली. अमेरिकेतल्या सिॲटल या मोठ्या आयटी शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा, आणि त्या स्वतः आधी सॉफ्टवेअर इंजिनिअर होत्या. आपल्याकडे जातीवरून चारचौघांत अपमान झाल्यास १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण बढती का मिळाली नाही, प्रोजेक्टमधून का काढले, हे सिद्ध करणे अवघड असते. म्हणून ईमेल, मूल्यमापनाचे शेरे, तारखा लिहून ठेवण्याची सवय लावा.

भेदभावाचा एक परिणाम कोणाच्या लक्षात येत नाही. तो कामातला रस मारतो. सतत स्वतःला सिद्ध करण्याच्या दडपणाखाली माणूस प्रश्न विचारायला घाबरतो, आणि प्रश्न विचारल्याशिवाय या क्षेत्रात काहीच शिकता येत नाही. "एवढंही येत नाही का?" हे ऐकावे लागेल या भीतीने आपली मुले रात्री एकटी झगडतात. जो आधीच आत आहे त्याने नव्याने आलेल्याचे प्रश्न न हसता ऐकून घेणे, हीच मोठी मदत आहे. आणि रेफरलचे दार इतरांसाठी उघडते, तसे पात्र मुला-मुलींसाठी आपणही उघडू शकतो. त्यात संकोच नको.

तीन ठिकाणी सावध राहा

पहिले, क्लासवाले. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा फलक लावून मोठी फी घेणारे पुष्कळ आहेत. कर्ज काढून फी भरण्याआधी तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांशी बोला. आणि कोणी अनुभवाचे खोटे पत्र देऊ केले तर नकार द्या. कंपन्या मागची माहिती तपासतात. ते उघडकीस आले तर नोकरी जाते आणि नाव खराब होते. सम्यक आजीविका म्हणजे काय, याची परीक्षा इथेच होते.

दुसरे, एआय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि आता कोड लिहून देणारी साधने सर्रास वापरली जातात. त्यांना घाबरून शिकणे सोडू नका आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. ती साधने चुकीचे उत्तरही ठाम आवाजात देतात. वरचे 'बुद्ध' उलटे करण्याचे गणित त्यांना घाला आणि उत्तर स्वतः तपासा. ज्याचा पाया पक्का आहे त्याला हे साधन मदतनीस ठरेल. ज्याचा पाया नाही त्याला उत्तर चुकले हेच कळणार नाही.

तिसरे, वेळ. रील बघत तीन तास घालवणे म्हणजे तंत्रज्ञानाचा आनंद नव्हे. तिथे आपण तंत्रज्ञान वापरत नसतो, आपले लक्ष विकले जात असते. साधी कसोटी अशी : तासाभरानंतर आपल्या हातात काही नवे आले का? आणि दुसऱ्या बाजूने, कंपनीसाठी रोज बारा तास बसणे म्हणजेही आवड नव्हे. ज्यांनी आठवड्याचे ४८ तास कायद्यात आणले, त्यांच्या लेकरांनी झोप, व्यायाम, घर आणि वाचन यांचा हक्क सोडून देऊ नये.

विहारात एक तास

कार्यकर्त्यांना आमची सूचना छोटी आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास संगणकासाठी ठेवा. दोन जुने लॅपटॉप, एक इंटरनेट जोडणी आणि आयटीत काम करणारा एखादा ताई-दादा एवढे पुरे. सुरुवातीला भाषण नको. दहावी-बारावीच्या मुला-मुलींना आपले नाव संगणक किती चिन्हांत मोजतो ते पाहू द्या. पुढच्या रविवारी ते उलटे करून पाहू द्या. तिसऱ्या रविवारी वस्तीतली एखादी जुनी स्मरणिका स्कॅन करा. चुकू द्या, मोडू द्या, विचारू द्या. मुलींना पुढच्या खुर्चीवर बसवा. कीबोर्ड नेहमी मुलांच्याच हातात राहतो, हे आपल्या विहारातही घडते.

आयटीत काम करणाऱ्यांनी महिन्यातून दोन तास द्यावेत : एक तास मुलाखतीचा सराव घेण्यासाठी, एक तास आपले काम सोप्या मराठीत समजावण्यासाठी. देणगीच्या पावतीपेक्षा या दोन तासांची गरज मोठी आहे. आई-वडिलांनीही मुलगा संगणक उघडून बसला की "टाइमपास करतोय" असे लगेच म्हणू नये. तो काय करतोय हे विचारावे. त्याला ते सांगता आले, तर समजा तो शिकतो आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातात कसब होते, पण ते कसब जातीने वाटून दिलेले होते आणि त्यातून मान मिळत नव्हता. आज पहिल्यांदा आपल्या पिढीला काम निवडता येते, त्यातून पगार घेता येतो आणि ते काम आवडूनही करता येते. त्यापैकी पगारापर्यंत आपण पोहोचलो आहोत. आवडीपर्यंत पोहोचायचे आहे, आणि एकट्याने नाही, वस्तीतल्या पुढच्या मुलीला सोबत घेऊन.

जय भीम! नमो बुद्धाय!